घरची कारागिरी : ॲक्रिलिकच्या टाकीचा गळका सांधा



गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर याच सदरात काचेची मासेटाकी गळू लागली तर सांधा कसा भरावा, हे मी लिहिले होते. जुने सिलिकॉन ब्लेडने खरवडून काढा, काच स्पिरिटने पुसा, नव्या सिलिकॉनची बारीक वळी भरा, ओल्या बोटाने गुळगुळीत करा, दोन दिवस हात लावू नका, असा तो मजकूर होता. त्यात चूक काही नव्हती. पण एक ओळ लिहायची राहून गेली आणि त्या एका ओळीपायी माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी घोटाळा झाला. ती ओळ आज लिहितो. हे सगळे काचेला चालते, ॲक्रिलिकला नाही.

आता घोटाळा काय झाला आणि तो कसा निस्तरला, ते सांगतो.

आमची अक्का आटपाडीकडे दिलेली. तिचा थोरला मुलगा सांगलीत पाट्या करणाऱ्या एका दुकानात कामाला आहे. दवाखान्यांचे बोर्ड, दुकानांची नावे, घरावरच्या पाट्या असे काम. महिन्या-दोन महिन्यांनी घरी येतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला येताना त्याने दुकानातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून एक टाकी स्वतः जोडली आणि एसटीत मांडीवर धरून लेकासाठी आणली. लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ३०, उंची ४०. पोरगा तेव्हा पाचवीत होता.

टाकी हौसेची म्हणावी तर तशी नव्हती. त्याच्या आधीच्या पावसाळ्यात सूनबाईला डेंग्यू झाला होता. आठ दिवस दवाखान्यात सलाईनवर होती. ती घरी आल्यावर आशाताई आल्या, त्यांनी घरातले पाण्याचे साठे बघितले आणि मोरीमागच्या बॅरेलात वळवळणाऱ्या अळ्या पोराला हाताने दाखवल्या. "ह्याच तुझ्या आईला चावणाऱ्या," म्हणाल्या. मग आरोग्य केंद्रातून पिशवीभर पाण्यात दहा-बारा गप्पी मासे आणून दिले. तेव्हापासून पोराने गप्पी माशांचे मनावर घेतले ते घेतलेच. गप्पीची मादी अंडी घालत नाही, महिन्याभराच्या अंतराने जिवंत पिल्लेच देते. त्यामुळे पाण्याची नि शेवाळाची सोय असली की दहाचे शंभर व्हायला फार दिवस लागत नाहीत. गेल्या पावसाळ्यात त्याने आळीतल्या एकवीस घरांच्या बॅरेलांत नि हौदांत मासे सोडले. वहीत नावे लिहून ठेवली आहेत, मी वाचली.

अडचण असते ती उन्हाळ्याची. त्या बाजूला मार्च उजाडला की बॅरेले कोरडी पडू लागतात. पाणी येईल त्या दिवशी घागरी भरायच्या नि पुरवून वापरायच्या. तेव्हा पुढच्या पावसाळ्याचे बीज राखायचे ते या टाकीत. बियाण्याची कणगी जशी, तशी ती टाकी. आणि तीच एप्रिलमध्ये गळू लागली.

अक्काचे म्हणणे सरळ होते. "आरं, माणसांना प्यायला पाणी न्हाई आन् ह्ये पाणी भिताडात मुरतंय. टाकून दे ती पेटी." तिचेही खोटे नव्हते. टाकी फळीवर, फळीखाली बाजरीच्या बियाण्याचे पोते आणि भिंतीवर हातभर अंतरावर विजेचा बोर्ड. ओल बोर्डाकडे सरकत होती. सूनबाई बोलली नाही, पण तिने पोते उचलून दुसरीकडे नेले आणि पंपाची पिन काढून ठेवली. बोलण्यापेक्षा ते बरे. तुमच्याही घरी कसली टाकी गळत असेल तर पहिले काम तेच. वीज बंद, मग बाकीचे. आणि टाकीत जाणारी वायर बोर्डापेक्षा खाली झोका खाऊन मग वर गेलेली असावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब झोक्याच्या तळाशी टपकेल, पिनेत शिरणार नाही.

पोराने माझे जुने सदर शोधून काढले. आजोबांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार! हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणली, ब्लेडने खरवडले, स्पिरिटने पुसले, सिलिकॉन भरले. तीन दिवसांनी पाणी भरले तर सिलिकॉनची वळी शेवयासारखी सुटून पाण्यावर तरंगायला लागली. गळती होती तिथेच होती. वर सांध्याच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसू लागल्या. तेव्हा त्याने मला फोन केला. "मामाआजोबा, तुम्ही लिहिलं होतं तसंच केलं." यावर मी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी एसटी धरली.

काच आणि ॲक्रिलिक दिसायला सारखे, पण जात वेगळी. काच वाळूपासून होते. ॲक्रिलिक हे प्लॅस्टिक आहे. १९३० नंतरच्या दशकात त्याचे पत्रे बाजारात आले आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या खिडक्यांना, वैमानिकाच्या डोक्यावरच्या घुमटाला ते वापरले गेले. काचेच्या निम्म्या वजनाचे, धक्का लागला तर काचेसारखे सहज न फुटणारे. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात २०१५ च्या नूतनीकरणात माशांच्या मधून चालत जाण्याचा जो बोगदा केला होता, तो ॲक्रिलिकचाच. पण त्याला तीन गोष्टी सोसत नाहीत. ओरखडा लगेच पडतो, उष्णतेने मऊ होते, आणि स्पिरिट, थिनर, पेट्रोल असले काही लागले की जिथे ताण आहे तिथे बारीक चिरा पडतात. पोराने माझ्या शब्दावर स्पिरिट चोळले ते नेमके ताणाच्या जागी. चिरा वरवरच्या होत्या म्हणून निभावले.

सिलिकॉन काचेला घट्ट धरते, ॲक्रिलिकला धरत नाही. तेलकट तव्यावर चिकटपट्टी लावावी तसे होते. शिवाय एक वेगळी सूचना, आणि ही काचेच्या टाकीवाल्यांनीही ऐकावी. न्हाणीघरासाठी मिळते त्या सिलिकॉनमध्ये बुरशी मारणारे औषध घातलेले असते. ते माशांना मारक ठरते. टाकीसाठी साधे, औषध नसलेले सिलिकॉन मागून घ्यावे.

मग ॲक्रिलिक जोडतात कसे? हे मला भाच्याने शिकवले. तो चैत्रातल्या यात्रेसाठी चार दिवस घरी आला होता. आल्या आल्या टाकी उन्हात धरून बघितली आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मामा, सांधा माझाच आहे. बाहेरच्या गिऱ्हाइकाचा असता तर असा सोडला नसता. त्या दिवशी रात्री दुकान बंद झाल्यावर घाईघाईत जोडला." पोरगा शेजारीच उभा होता.

त्याचे म्हणणे, ॲक्रिलिक चिकटवत नाहीत, विरघळवतात. पाट्यांच्या दुकानात त्यासाठी बहुधा क्लोरोफॉर्म वापरतात. तो पाण्यासारखा पातळ असतो. दोन पत्रे एकमेकांवर नीट टेकवायचे आणि सुईने कडेला थेंब सोडायचा. दिव्याच्या वातीत तेल चढते तसा तो फटीत आपोआप धावतो. दोन्ही अंगांचे प्लॅस्टिक किंचित विरघळते, एकमेकांत मिसळते, क्लोरोफॉर्म उडून जातो आणि दोन पत्र्यांचा एक पत्रा होतो. मध्ये तिसरी वस्तू राहतच नाही. म्हणून चांगला सांधा आरपार काचेसारखा दिसतो. जिथे पत्रे नीट टेकले नव्हते तिथे हवा राहते आणि ती जागा चंदेरी चमकते. आमच्या टाकीत मागच्या भिंतीचा नि तळाचा सांधा उजव्या कोपऱ्याशी चांगला वीतभर चंदेरी दिसत होता.

पण गळती नेमकी तिथेच आहे का, याची खात्री करावी लागते. कौलारू घरात थेंब पडतो त्याच्या बरोबर वरचे कौल फुटलेले असते असे नाही, पाणी वाशावरून वाहत येऊन भलतीकडे पडते. टाकीचेही तसेच. आम्ही बाहेरून सगळे सांधे कोरडे पुसले, त्यावर खडूची पूड चोळली आणि थोडे पाणी भरून नजर ठेवली. पूड पहिल्यांदा जिथे ओली झाली ती खरी जागा. ती चंदेरी पट्ट्यातच निघाली, कोपऱ्यापासून चार बोटांवर.

तुम्ही म्हणाल, मग त्या फटीत सुईने क्लोरोफॉर्म सोडला की काम झाले. मीही तेच म्हणालो. भाचा म्हणाला, नव्या टाकीत कदाचित चालले असते. दोन वर्षे पाणी पिऊन बसलेल्या फटीत शेवाळ, क्षार नि ओल असते, तिथे प्लॅस्टिक प्लॅस्टिकला भेटतच नाही. शिवाय पातळ क्लोरोफॉर्म फट भरत नाही. कागदाच्या जाडीएवढी पोकळी असली तरी तो तिच्यातून निसटून जातो. म्हणून जुन्या सांध्याची दुरुस्ती त्या सांध्यात करायचीच नाही. आतल्या बाजूने कोपऱ्यात ॲक्रिलिकची नवी पट्टी बसवायची, तिचे एक अंग तळाला नि दुसरे भिंतीला जोडायचे. आणि आतूनच, बाहेरून नव्हे. पाणी आतून बाहेर रेटते. आतली पट्टी त्या रेट्याने जागेवर दाबली जाते, बाहेरची उचकटली जाते.

तयारीलाच जास्त वेळ गेला. आधी मासे हलवले. रुंद तोंडाच्या मातीच्या दोन रांजणांत टाकीतलेच पाणी ओतले, शेवाळ घातले, वर मांजरासाठी जाळी नि उन्हासाठी ओले गोणपाट टाकले. पाणी तेच ठेवणे महत्त्वाचे, एकदम नव्या पाण्यात मासे टाकले तर दगावतात. उरलेले पाणी सूनबाईने लिंबाच्या झाडाला घातले, माशांच्या पाण्याला खताचा गुण असतो.

मग सिलिकॉन काढणे. वळी निघते पण तिचा पातळ पापुद्रा पत्र्यावर राहतो, आणि तो दिसत नाही. तो राहिला तर क्लोरोफॉर्म तिथे काही करू शकत नाही. ब्लेडने ओरखडे पडतात, म्हणून भाच्याने ॲक्रिलिकच्याच तुकड्याला कानशीने धार काढून त्याने खरवडले. अख्खी सकाळ गेली. पोराने तोंड पाडून खरवडले, मीही खरवडले. माझ्या लेखाची शिक्षा होती ती. क्षाराचे पांढरे डाग लिंबाच्या रसाने सुटले. शेवटी जोडायच्या जागेवर चारशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यातून हलक्या हाताने फिरवला, साध्या पाण्याने धुतले आणि टाकी उपडी घालून दोन दिवस सावलीच्या वाऱ्यात ठेवली. उन्हात का नाही? त्या भागातले एप्रिलचे ऊन आणि तापलेल्या फरशीवर ठेवलेली पेटी, पत्रा वाकायची भीती असते. चुलीची धग किंवा दिव्याची ज्योत तर दाखवूच नये. सांध्यात ओल राहिली तर जोड पांढुरका पडतो आणि कच्चा राहतो, म्हणून इथे उतावीळ होऊ नये.

वाळेपर्यंत पट्टी तयार केली. १० मिलिमीटर जाड पत्र्याची १० मिलिमीटर रुंद चौकोनी काडी, टाकीच्या आतल्या लांबीपेक्षा केसभर कमी. गळती वीतभर असली तरी पट्टी पूर्ण लांबीची घ्यायची. तुकडा लावला तर त्याच्या टोकाशी ताण गोळा होतो आणि पुढे तिथून सुटते. काडीची दोन अंगे फरशीवर पसरलेल्या पॉलिश पेपरवर घासून सपाट केली, गुण्या लावून बघितला. कोपऱ्यात शिरणारी धार मात्र कानशीने मोडली, कारण जुन्या सांध्यातून बाहेर आलेले प्लॅस्टिक तिथे फुगलेले असते, धार मोडली नाही तर काडी त्यावर बसून दोन्ही अंगांना अधांतरी राहते.

आदल्या रात्री भाच्याने एक बाटली भिजत घातली होती. काचेच्या छोट्या बरणीत ॲक्रिलिकचा कीस आणि तो बुडेल एवढा क्लोरोफॉर्म. सकाळी हलवून बघितले तर मधासारखा घट्ट रस. पातळ क्लोरोफॉर्म जोडायला, हा घट्ट रस कडा भरायला.

इथे थांबून क्लोरोफॉर्मविषयी स्पष्ट लिहितो. ही वस्तू खेळण्याची नाही. वासाने गुंगी येते, जास्त गेला तर यकृताला इजा होते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणजे ती टाकीच्या तळाशी साचते, आणि नेमके तिथेच आपण डोके घालून बघतो. तो स्वतः पेट घेत नाही, पण त्याची वाफ चुलीवर, विडीवर किंवा तापलेल्या लोखंडावर गेली तर तिच्यातून फॉस्जीन नावाचा विषारी वायू होतो. म्हणून काम घरात नाही, गोठ्यात नाही, उघड्या अंगणात वारा पाठीवरून पुढे जाईल असे उभे राहून करावे. पोरांना चार हात लांब बसवावे. लागेल तेवढाच, औंसभर आणावा. आणि कृपा करून तो पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरू नये. उन्हातून आलेला माणूस बाटली बघतो, वास बघत नाही. उरलेला घरात ठेवू नये, ज्याच्याकडून आणला त्याला परत द्यावा. ज्यांच्या ओळखीत पाट्यांचे काम करणारा माणूस नाही त्यांनी टाकीच तालुक्याच्या गावी त्या दुकानात न्यावी. काम घटकाभराचे असते.

तर अंगणात वाळूच्या दोन पोत्यांच्या बेचक्यात टाकी तिरकी ठेवली, अशी की दुरुस्त करायचा सांधा सगळ्यांत खाली आला आणि तळ नि भिंत दोन्हीकडे पन्हळीसारखे उतरते झाले. काडी त्या पन्हळीत ठेवली, आपल्या वजनानेच बसली. भाच्याने इंजेक्शनच्या पिचकारीत क्लोरोफॉर्म ओढला. प्लॅस्टिकच्या पिचकारीचा रबरी दट्ट्या त्यात फुगून अडकतो, म्हणून एकदाच वापरून टाकायची. सुई कडेला टेकवून तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेला. काडीखाली आधी चंदेरी दिसत होते ते बघता बघता पाणी पसरावे तसे काळसर, आरपार होत गेले. पोरगा लांबूनच ओरडला, "पप्पा, तिथं एक बुडबुडा राहिला!" खरेच राहिला होता, उजव्या टोकाशी. भाच्याने बोटाने दाबून तो कडेला काढला आणि आणखी एक थेंब सोडला. बोटाने दाबायचे तेही हलके. जोर लावला तर विरघळलेले प्लॅस्टिकच पिळून बाहेर जाते.

पाच मिनिटे दाबून धरले, मग तीन तास कुणी हात लावला नाही. त्यानंतर काडीच्या दोन्ही कडांना नि दोन्ही टोकांना घट्ट रसाची बारीक वळी ओढली. एक जाड वळी ओढण्यापेक्षा सुकवून दोनदा पातळ ओढलेली चांगली, कारण रस सुकताना आकसतो. संध्याकाळी टाकी कुशीवर आडवी करून तोंड वाऱ्याकडे केले. वाफ आत कोंडून राहिली तर चांगल्या पत्र्यालाही चिरा पडतात, हे मला माहीत नव्हते.

आता सांधा सुटला का, हे बघू. भाच्याची घाई हे एक कारण झाले. पण टाकी दोन वर्षे टिकली आणि मग गळली, म्हणजे रोज कुणीतरी तिला रेटत होते. ते कोण? पाणी. पाण्याचा दाब खोलीवर असतो, दर सेंटिमीटर खोलीला दर चौरस सेंटिमीटरवर एक ग्रॅम. ४० सेंटिमीटर पाणी असेल तर तळाशी ४० ग्रॅम, वर शून्य, सरासरी २०. मागची भिंत ६० बाय ४०, म्हणजे २४०० चौरस सेंटिमीटर. गुणाकार करा, ४८ किलो होतात. जवळजवळ सिमेंटची एक गोणी रात्रंदिवस त्या भिंतीला बाहेर रेटते आहे, आणि तिचा जास्तीत जास्त जोर तळाच्या सांध्यावर. बंधाऱ्याची भिंत तळाशी रुंद बांधतात ती याचसाठी. आमची भिंत तर तळापासून वरपर्यंत चारच मिलिमीटरची, पाट्यांची. तोंडावर आडवी पट्टी नाही. भरलेल्या टाकीला वरून बघितले तर दोन्ही लांब भिंती पोट सुटल्यासारख्या बाहेर आलेल्या असत.

उपाय दोन केले. तोंडावर मधोमध चार बोटे रुंद पट्टी आडवी जोडून पुढची-मागची भिंत एकमेकींना बांधली. आणि पाण्याची रेघ ३० सेंटिमीटरवर आणली. दहा सेंटिमीटरने काय होते, असे वाटेल. हिशेब करा : सरासरी १५ ग्रॅम, भिजणारी भिंत १८०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे २७ किलो. पाणी चतुर्थांश कमी केले आणि रेटा निम्म्याच्या जवळ उतरला. पोराने भिंतीवर रंगाने रेघ मारून ठेवली आहे.

तिसरे कारण फळी. टाकी दोन फळ्यांवर ठेवलेली, मध्ये तीन बोटांची फट, आणि एक फळी दुसरीपेक्षा उंच. साठ-सत्तर किलोंचे ओझे अशा बैठकीवर ठेवले की तळ वाकतो नि सांध्याला पीळ बसतो. आता खाली एकसंध जाड प्लायवूड, त्यावर थर्माकोल, आणि पाणसळ लावून चारही बाजू बघितल्या. बैठक बोर्डापासून दूर, समोरच्या भिंतीला नेली.

एवढ्याशा पेटीसाठी एवढा खटाटोप, असे अक्का दिवसातून दोनदा म्हणत होती. तिला मी बर्लिनची गोष्ट सांगितली. जर्मनीतल्या त्या शहरात एका हॉटेलात ॲक्रिलिकची गोल टाकी उभी होती, चौदा मीटर उंच, ॲक्वाडोम नावाची. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे ती फुटली. सुमारे दहा लाख लिटर पाणी नि दीड हजारांच्या आसपास मासे रस्त्यापर्यंत आले. पहाटेची वेळ म्हणून माणसे वाचली, दोघांना इजा झाली. पुढच्या वर्षी तज्ज्ञांचा अहवाल आला, पण त्यालाही एकच एक कारण ठामपणे सांगता आले नाही. ज्या शक्यता मांडल्या त्यांत एक होती जोडलेल्या सांध्याची पकड सुटण्याची. अक्का ऐकून म्हणाली, "मग त्येंनी पण घाईत जोडला आसंल."

भाच्याची रजा रविवारी संपली. पाणी भरून बघायला अजून तीन दिवस होते. पोराला त्याने निघताना एवढेच सांगितले, "मी फोन करेन तेव्हा कागद बघून सांग." ते कागदाचे असे. टाकी अंगणात वर्तमानपत्रावर ठेवायची आणि पहिल्या दिवशी दहा सेंटिमीटर, दुसऱ्या दिवशी वीस, तिसऱ्या दिवशी तीस असे पाणी वाढवायचे. बोटाला न जाणवणारी ओल कागदावर डाग होऊन दिसते. एकदम भरायचे नाही, नव्या जोडाला रेट्याची सवय हळूहळू होऊ द्यायची. पाणी जपून म्हणून आम्ही तेच पाणी ठेवून वर भर घातली.

पहिल्या दिवशी कागद कोरडा. दुसऱ्या दिवशी सकाळी उजव्या कोपऱ्याखाली रुपयाएवढा डाग. पोराचे तोंड उतरले. मी हात फिरवला तर वरची भिंत बाहेरून ओली, पाणी ओतताना कळशीतून सांडलेले. पुसले, कागद बदलला आणि संध्याकाळपर्यंत दोघे तिथेच बसून राहिलो. कागद कोरडा राहिला. तिसऱ्या रात्री नऊला फोन आला. पोरगा बॅटरी घेऊन अंगणात गेला, पालथा पडून बघून आला आणि म्हणाला, "कोरडा आहे, पप्पा." पलीकडून काय आले ते मला ऐकू आले नाही.

ते पहिले पाणी माशांना दिले नाही, झाडांना घातले. आणखी दोनदा पाणी भरून चार-चार तासांनी काढले, कारण नव्या जोडातून उरलासुरला क्लोरोफॉर्म पाण्यात उतरतो. मग आधी पाच मासे सोडले, दोन दिवस बघितले, नंतर बाकीचे. रांजणात त्या दहा-बारा दिवसांत तीन मेले आणि एका मादीने पिल्ले दिली. किती ते नक्की सांगता येत नाही, कारण गप्पीची मोठी माणसे आपलीच पिल्ले खातात. शेवाळात लपलेली तेरा पोराने मोजली.

दुरुस्ती करूच नये अशाही टाक्या असतात. सांधा पूर्ण लांबीला चंदेरी दिसत असेल, किंवा चिरा वरवरच्या न राहता पत्र्याच्या आत उतरल्या असतील, किंवा भिंतीच्या मधोमध तडा गेला असेल, तर त्या टाकीत पाणी भरू नये. ती पालथी घालून मिरची-वांग्याच्या रोपांवर झाकण म्हणून उत्तम चालते, भर उन्हात मात्र काढून ठेवावी.

गप्पी माशांबद्दल दोन गोष्टी. ते घरच्या साठ्यात, हौदात, बॅरेलात सोडावेत. ओढ्यात, नदीत, मोठ्या तळ्यात सोडू नयेत. ते आपल्याकडचे मूळचे मासे नव्हेत, आणि आपल्या लहान माशांची जागा नि खाणे बळकावतात. आणि मासे आहेत म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस चुकवू नये. जी भांडी रिकामी करता येतात ती घासून कोरडी करावीत. मासे असतात ते जी रिकामी करता येत नाहीत त्यांच्यासाठी.

सूनबाईने बियाण्याचे पोते परत फळीखाली ठेवलेले नाही. मी विचारले नाही. मृगाला पोराचा फोन आला होता, वहीत आता चोवीस घरे आहेत.

फुटक्या रांजणाला तळातून पाझर फुटतो म्हणून एका भगिनीने लिहिले आहे. त्यांना पुढच्या अंकात उत्तर देतो. तोवर त्यांनी रांजण भरून न ठेवता सावलीत कोरडा करावा आणि तडा कुठवर गेला आहे ते कोळशाने खूण करून ठेवावे.